लंडनमधला सूक्ष्म सागरी जीवाश्मांचा संग्रह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये साधारण आठ कोटी नमुने आहेत. पर्यटक डायनोसॉर आणि छताला टांगलेला निळा देवमासा पाहून परततात. पण याच संस्थेच्या कपाटांत नुसत्या डोळ्यांना धूळ वाटेल अशा जीवाश्मांचा मोठा साठा आहे आणि माझ्या मते विज्ञानाच्या दृष्टीनं तो देवमाशापेक्षा जास्त बोलका आहे. त्याबद्दल विद्यार्थी, शिक्षक आणि लंडनला निघालेली मंडळी नेहमी जे विचारतात, त्याची ही उत्तरं.

सूक्ष्म सागरी जीवाश्म म्हणजे नेमकं काय?

समुद्रातल्या अतिशय लहान जीवांची कवचं, सांगाडे किंवा दात. ते ओळखायचे तर सूक्ष्मदर्शक लागतोच. यात पहिला मान फोरामिनिफेरांचा. अभ्यासक त्यांना थोडक्यात ‘फोराम’ म्हणतात, मीही पुढे तेच म्हणेन. फोराम हा एकपेशीय जीव, पण तो स्वतःभोवती कप्प्याकप्प्यांचं कवच बांधतो. बहुतेक जाती त्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट वापरतात. काही जाती तळावरचे वाळूचे कण उचलून एकमेकांना चिकटवतात आणि त्यांतल्या काही तर ठरावीक प्रकारचेच कण निवडून घेतात. एका पेशीला, जिला मेंदू नाही की डोळे नाहीत, हे कसं जमतं याचं आश्चर्य मला आजही वाटतं. नेहमीचा फोराम एक दशांश मिलिमीटर ते एक मिलिमीटर एवढा असतो, म्हणजे मोठ्यातला मोठा धरला तरी खसखशीच्या दाण्याएवढा. त्यांचा वंश ५० कोटी वर्षांहून जुना आहे.

फोरामांखेरीज रेडिओलॅरिया आणि डायटम हे एकपेशीय जीव आहेत. त्यांचे सांगाडे सिलिकाचे, म्हणजे काच ज्यापासून बनते त्या द्रव्याचे. कोकोलिथ म्हणजे एका प्रकारच्या शेवाळाच्या अंगावरच्या चकत्या. त्या इतक्या बारीक असतात की त्यांची मापं मायक्रॉनमध्येच (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) सांगावी लागतात. इंग्लंडमधल्या डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांचा खडू मुख्यतः त्यांचाच बनला आहे. दोन शिंपांमध्ये राहणारे ऑस्ट्रॅकॉड हे झिंग्यांचे दूरचे नातेवाईक.

सगळेच सूक्ष्म असतात का?

नाही. न्युम्युलाइट्स हे फोरामच, पण ते काही सेंटिमीटरपर्यंत वाढत. इजिप्तमधल्या गिझाच्या पिरॅमिडांचा चुनखडक त्यांनी भरलेला आहे. तिथे पडलेले चपटे गोल दगड म्हणजे मजुरांच्या जेवणातली मसूर दगड होऊन राहिली आहे, अशी स्थानिक समजूत स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकारानं नोंदवली. आपल्याकडे कच्छमध्ये असे न्युम्युलाइट्स मुबलक मिळतात.

लंडनला गेलो तर हा संग्रह पाहता येईल का?

नेहमीच्या दालनांतून नाही. संग्रहालयात प्रवेश विनामूल्य आहे, पण सूक्ष्मजीवाश्मांची कपाटं अभ्यासकांसाठी असतात आणि आधी पत्रव्यवहार करून वेळ ठरवावी लागते. कारण साधं आहे: काचेमागे ठेवलेला अर्ध्या मिलिमीटरचा फोराम पाहणाऱ्याला दिसणारच नाही. संग्रहालयाच्या खुल्या माहितीसाठ्यात मात्र नमुन्यांच्या नोंदी आणि बऱ्याच नमुन्यांची छायाचित्रं कोणालाही घरबसल्या पाहता येतात. विद्यार्थ्यांनी सुरुवात तिथूनच करावी.

या संग्रहातला सगळ्यात महत्त्वाचा भाग कोणता?

यावर दुमत असू शकतं, पण मी निःशंकपणे चॅलेंजर मोहिमेचं नाव घेईन.

एचएमएस चॅलेंजर ही मुळात युद्धनौका. तिच्यावरच्या बहुतेक तोफा उतरवून त्या जागी प्रयोगशाळा उभारल्या आणि डिसेंबर १८७२ मध्ये ती पोर्टस्मथहून निघाली. मे १८७६ मध्ये परत आली तेव्हा सुमारे १ लाख २७ हजार किलोमीटरचा प्रवास झाला होता. वाटेत ३६२ ठिकाणी थांबून खोली मोजली, तापमान घेतलं, तळाचा गाळ वर काढला. दोराला वजन बांधून तळ गाठायचा आणि वाफेच्या यंत्रानं तो दोर पुन्हा गुंडाळायचा, या कामात एकेका ठिकाणी तासन् तास जात. मार्च १८७५ मध्ये पश्चिम पॅसिफिकमध्ये त्यांचा दोर ४४७५ फॅदम, म्हणजे आठ हजार मीटरच्याही खाली गेला. तिथल्या गर्तेला आज याच जहाजाचं नाव आहे.

त्या गाळातले फोराम अभ्यासासाठी हेन्री बोमन ब्रॅडी यांच्याकडे आले. ब्रॅडी पेशानं औषधविक्रेते, न्यूकॅसलमध्ये त्यांचा चांगला चाललेला व्यवसाय होता. तो लवकर सोडून त्यांनी उरलेलं आयुष्य फोरामांना दिलं. १८८४ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला, सोबत ११५ चित्रफलक. आज जगात कुठेही खोल समुद्रातला फोराम ओळखायचा झाला की अभ्यासक त्या फलकांपाशी जातात, आणि चित्रावरून शंका फिटली नाही तर लंडनमधल्या मूळ काचपट्टीपाशी. जातींची नावं तेव्हापासून अनेकदा बदलली. १९९४ मध्ये त्या सगळ्या फलकांची नव्यानं छाननी झाली. पण ज्यावरून चित्र काढलं तो नमुनाच शिल्लक असल्यामुळे ‘ब्रॅडींना नेमकं काय दिसलं होतं’ हा वाद अंदाजावर सोडावा लागत नाही.

याच मोहिमेतल्या रेडिओलॅरियांचं काम जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनी केलं आणि १८८७ मध्ये चार हजारांहून जास्त जातींची वर्णनं दिली.

एक खुलासा इथेच करायला हवा. चॅलेंजरच्या वरवरच्या गाळातली बरीचशी कवचं भूगर्भशास्त्राच्या हिशेबानं कालपरवाची आहेत, लाखो वर्षांपूर्वीची नव्हेत. तरी ती याच संग्रहात असतात, कारण जुना फोराम कसा जगत होता हे आजचा फोराम पाहूनच कळतं.

एका काचपट्टीवर नेमकं काय असतं?

पट्टी तीन इंच लांब, एक इंच रुंद. बरेचदा ती जाड पुठ्ठ्याची असते, मध्ये खळगा, खळग्याचा तळ काळा. फोराम बहुधा पांढरे किंवा दुधी असतात, म्हणून ते काळ्यावर उठून दिसतात. तळाला पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा पातळ हात दिलेला असतो. ओलसर कुंचल्याच्या टोकावर एकच फोराम उचलायचा आणि हवा तसा बसवायचा: एक तोंड वर करून, एक पाठीवर, एक कुशीवर. पुढे कोणाला तो उलटून पाहायचा असेल तर पाण्याचा कण लावला की डिंक सुटतो. वरून काच सरकवून पट्टी बंद करतात.

आता पट्टीच्या दोन्ही कडांना पाहा. तिथे बारीक अक्षरात जातीचं नाव, ठाण्याचा (म्हणजे जहाज थांबलं त्या ठिकाणाचा) क्रमांक, खोली आणि नोंदवहीतला क्रमांक असतो. ठाण्याचा क्रमांक मिळाला की जहाजाच्या नोंदींवरून अक्षांश, रेखांश, तारीख आणि पाण्याचं तापमान काढता येतं. हे सगळं मी एवढं खुलवून सांगतोय, कारण संग्रहाचा जीव या दोन इंची मजकुरात आहे. चिठ्ठी नसलेला फोराम सुंदर असेल, पण तो कुठला आणि कधीचा हे माहीत नसेल तर त्याला कोणताच प्रश्न विचारता येत नाही. उलट चिठ्ठी शाबूत असेल तर गोळा करणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हते असे प्रश्न त्याला विचारता येतात.

उदाहरणार्थ कोणते प्रश्न?

सगळ्यात ठळक उदाहरण २०२० सालचं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की त्यातला बराचसा समुद्र शोषून घेतो. त्यानं पाण्याची आम्लता वाढते, आणि कॅल्शियम कार्बोनेटचं कवच बांधणं अवघड होत जातं. औद्योगिक क्रांतीनंतर समुद्राच्या पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू (पीएच; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. आकडा किरकोळ दिसतो, पण सामूचं माप लॉगरिदमवर चालतं, म्हणजे एका अंकाचा फरक दहापट असतो, त्यामुळे हा फरक मोठा आहे.

आता याचा परिणाम कवचांवर झाला का, हे कसं तपासायचं? प्रयोगशाळेतल्या टाकीत आठवडे, महिने प्रयोग करता येतो, दीडशे वर्षं नाही. संग्रहालयातल्या संशोधकांनी चॅलेंजरनं पॅसिफिकमधून आणलेले तरंगते फोराम घेतले आणि ‘तारा’ या फ्रेंच संशोधन नौकेनं २००९ ते २०१६ मध्ये गोळा केलेल्या त्याच जातींच्या फोरामांशी त्यांची तुलना केली. दोन्ही गटांचं सीटी स्कॅन केलं. दवाखान्यात असतं त्याच तत्त्वाचं यंत्र, फक्त अत्यंत सूक्ष्म तपशील टिपणारं. कवच न फोडता आतल्या प्रत्येक भिंतीची जाडी मोजता आली. आजची कवचं जुन्यांपेक्षा पातळ निघाली, एका जातीत तर ७६ टक्क्यांपर्यंत.

हा आकडा वाचताना एक भान ठेवायला हवं. तपासलेल्या जाती थोड्या, ठिकाणंही थोडी. शिवाय आम्लतेसोबत पाण्याचं तापमान आणि ऑक्सिजनही बदलतो, त्यामुळे सगळं खापर एकाच कारणावर फोडता येत नाही. ‘जगातल्या सगळ्या फोरामांची कवचं पाऊणपट झिजली’ असं कोणी सांगितलं तर ते चूक. पण १८७० च्या दशकातलं कवच आणि आजचं कवच शेजारी ठेवून मोजता आलं, ही गोष्ट त्या काचपट्ट्यांशिवाय अशक्य होती. ब्रॅडींच्या हयातीत क्ष-किरणांचाही शोध लागला नव्हता.

एकदा उत्तम छायाचित्रं काढून ठेवली की मूळ नमुने कशाला सांभाळायचे?

वरचंच उदाहरण पुरेसं आहे: छायाचित्रावरून भिंतीची जाडी मोजता आली नसती. आणखी एक कारण नावांचं. प्राणिशास्त्राच्या नियमांनुसार नवी जात जाहीर करताना एक नमुना त्या नावाचा मूळ आधार म्हणून नेमावा लागतो आणि तो सार्वजनिक संस्थेत ठेवणं अपेक्षित असतं. शंभर वर्षांनी दोन देशांतल्या अभ्यासकांचं एखाद्या नावावरून बिनसलं तर निवाडा त्या नमुन्यावर होतो.

आणि कपाटात काय दडलंय हे कपाटाच्या मालकालाही ठाऊक नसतं. कोनोडॉन्ट नावाचे बारीक, दातांसारखे जीवाश्म १८५६ पासून माहीत होते. खडकांचं वय ठरवायला ते सर्रास वापरले जात. पण ते कोणत्या प्राण्याचे, हे सव्वाशे वर्षं कोणालाच सांगता आलं नाही. किड्यांपासून माशांपर्यंत सगळे अंदाज करून झाले. अखेर तो प्राणी सापडला एडिंबरामध्ये, भूगर्भ सर्वेक्षणाच्या जुन्या संग्रहातल्या एका दगडावर. तो दगड कित्येक दशकं तिथेच होता. ईलसारखं लांबुळकं शरीर आणि डोक्यापाशी ते दात. १९८३ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं.

तेल कंपन्यांना या जीवाश्मांत एवढा रस का?

कारण विहीर खोदताना खडकाचा चुरा वर येतो. मोठा जीवाश्म असला तर त्याचे तुकडे होतात, फोराम मात्र त्या चुऱ्यातही अखंड सापडतो. फोरामांच्या जाती भूगर्भकाळात भराभर बदलत गेल्या, त्यामुळे कोणत्या जाती एकत्र सापडल्या यावरून थराचं वय सांगता येतं. तळाशी राहणाऱ्या जातींवरून त्या वेळी पाणी किती खोल होतं याचाही अंदाज बांधता येतो. आपल्या बॉम्बे हायमध्ये १९७४ साली तेल लागलं ते मुख्यतः मायोसीन काळातल्या चुनखडकात, आणि त्या थरांची क्रमवारी लावण्यात फोरामांचा मोठा वाटा आहे.

लंडनच्या संग्रहात ब्रिटिश पेट्रोलियम कंपनीचा जुना सूक्ष्मजीवाश्म-साठाही आला आहे. ज्या ठिकाणांच्या विहिरी पुन्हा खोदल्या जाणार नाहीत, तिथले नमुने त्यात आहेत.

तेलापुरतंच हे काम नाही. इंग्लंड आणि फ्रान्स यांना जोडणारा, १९९४ मध्ये खुला झालेला चॅनल टनेल खडूमिश्रित चिकणमातीच्या एका ठरावीक थरातून न्यायचा होता. तो थर कुठे चढतो, कुठे उतरतो हे ठरवायला फोरामांचा उपयोग केला गेला.

जुनं हवामान यातून कसं कळतं?

ऑक्सिजनचे हलका आणि जड असे दोन प्रकार घ्या. समुद्राचं पाणी वाफ होताना हलका जास्त उडतो. हिमयुगात ती वाफ बर्फ होऊन जमिनीवर अडकून पडते, समुद्रात परतत नाही. साहजिकच समुद्रात जडाचं प्रमाण वाढतं. फोराम त्याच पाण्यातून कवच बांधतो, म्हणून ते प्रमाण कवचात उतरतं. गाळाचे थर एकावर एक साचत जातात. खोल समुद्रात हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर. थराथरातले फोराम मोजत खाली गेलं की हिमयुगांची चढउतार वाचता येते.

आपल्याला जास्त जवळची गोष्ट मान्सूनची. ग्लोबिजेरिना बुलॉइडिस या फोरामाला थंड आणि पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी मानवतं. पावसाळ्यात नैऋत्येचे वारे जोरात वाहतात, तेव्हा ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्यालगत खालचं असं पाणी वर येतं आणि ही जात फोफावते. तिथल्या गाळाच्या ज्या थरात बुलॉइडिस जास्त, त्या काळात वारे जोरदार, असा त्याचा अर्थ लावतात. यावरून गेल्या दहा हजार वर्षांतल्या मान्सूनचा आलेख काढला गेला आहे. मात्र हा आलेख वाऱ्याचा आहे. वारा जोरात म्हणजे कोकणात पाऊस जास्तच पडला, असं थेट समीकरण मांडू नये.

भारताशी, विशेषतः मुंबईशी, या संग्रहाचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो अनेकांना ठाऊक नसतो.

हेन्री जॉन कार्टर हे डॉक्टर १८४२ मध्ये मुंबईत आले. नोकरी शल्यचिकित्सकाची, पण ध्यास सूक्ष्मदर्शकाचा. अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्याची पाहणी करणाऱ्या ‘पॅलिन्युरस’ जहाजावर ते डॉक्टर म्हणून गेले आणि तिथले खडक, जीवाश्म पाहून आले. मुंबईच्या तलावांतले गोड्या पाण्यातले स्पंज त्यांनी तपासले, मुंबई बेटाच्या भूरचनेवर लिहिलं, सिंधमधल्या मोठ्या फोरामांची वर्णनं केली. १८४९ मध्ये अरबस्तान, सिंध, कच्छ आणि काठेवाड इथल्या फोरामांवर लिहिताना त्यांनी काठेवाडच्या एका चुनखडकाला ‘मिलिओलाइट’ हे नाव दिलं, कारण त्यात मिलिओलिड गटातले फोराम दिसत होते. पुढे मायदेशी परतल्यावर ते स्पंजांचे नामांकित अभ्यासक झाले आणि त्यांचे स्पंजांचे नमुने आज लंडनच्या याच संग्रहालयात आहेत.

तो मिलिओलाइट म्हणजे आपल्या ओळखीचा पोरबंदरचा दगड. मुंबईतल्या ब्रिटिशकालीन इमारतींच्या नक्षीकामात तो भरपूर वापरला आहे. फोर्टातून जाताना फिकट पिवळसर, रवाळ दगडाची कमान दिसली तर जवळ जाऊन पाहा. त्यातले काही कण एके काळच्या जिवांची कवचं आहेत.

दुसरा धागा अरबी समुद्राचा. चॅलेंजर मोहिमेतले जॉन मरे यांना नंतर हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर फॉस्फेटचे साठे असल्याचं ओळखता आलं आणि त्या धंद्यातून त्यांनी बराच पैसा मिळवला. त्यांच्या मृत्युपत्रातून उभ्या राहिलेल्या निधीवर १९३३-३४ मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजानं अरबी समुद्र आणि हिंदी महासागराचा पश्चिम भाग पिंजून काढला. नेतृत्व सेमूर सेवेल यांचं, जे त्याआधी भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे संचालक होते. खलाशी बहुतेक इजिप्शियन. ही नौका मुंबई बंदरातही आली होती. मोहिमेचे नमुने लंडनच्या संग्रहालयात गेले आणि अहवालही तिथूनच निघाले.

ते नमुने भारतात परत आणायला नकोत का?

प्रश्न रास्त आहे. मोहीम परकी असली तरी समुद्र आपल्या दारचा, आणि वसाहतीच्या काळात कोणी कोणाची परवानगी घेतली नाही. माझं मत असं: तातडीची मागणी नोंदी, छायाचित्रं आणि स्कॅन पूर्ण खुले करण्याची आणि आपल्या संशोधकांना नमुने सहज हाताळू देण्याची असावी. कारण ते आज होऊ शकतं.

त्याहून जास्त काळजी मला इथल्या नमुन्यांची वाटते. कितीतरी महाविद्यालयांत एखादे प्राध्यापक तीस-पस्तीस वर्षं नमुने जमवतात, निवृत्त होतात आणि खोली रिकामी करताना काचपट्ट्यांचे डबे भंगारात जातात. असे डबे मी पाहिले आहेत. विहीर कुठली, खोली किती, सगळं पेन्सिलीनं नीट लिहिलेलं. ते पुन्हा गोळा करायला कोणी जाणार नाही. तुमच्या विभागात असा डबा असेल तर आधी चिठ्ठ्यांचे फोटो काढा, यादी करा आणि मग तो कोणत्या संस्थेकडे द्यायचा ते ठरवा.

दख्खनच्या काळ्या दगडात असे जीवाश्म मिळतात का?

बेसॉल्ट म्हणजे थंड झालेला लाव्हा, त्यात मिळणार नाहीत. पण लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळात मिळू शकतात. आंध्रमधल्या राजमहेंद्रीजवळच्या खाणींत दख्खनच्या लाव्ह्याचे थर आहेत आणि त्यांच्यामधल्या सागरी गाळात तरंगते फोराम सापडले, तेही डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतर लगेचच्या काळातले. नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिली इथेही तसेच मिळाले. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या संहारात तरंगत्या फोरामांच्या बहुतेक जाती संपल्या. उरलेल्या आणि नव्यानं आलेल्या जाती बारक्या, साध्या होत्या, म्हणून तो काळ चटकन ओळखता येतो. सह्याद्री घडवणारे उद्रेक आणि तो संहार यांचा संबंध किती, या मोठ्या वादात या चिमुकल्या कवचांची साक्ष निघते.

संग्रहालयातल्या ‘शापित’ खड्याचा आणि फोरामांचा काय संबंध?

दोन्ही एकाच माणसाकडून आले. एडवर्ड हेरन-ॲलन पेशानं वकील. व्हायोलिन बांधणीवर लिहिणारे, फारसीतून भाषांतर करणारे, हस्तरेषांचे जाणकार आणि फोरामांचे मोठे अभ्यासक. सहकारी आर्थर अर्लंड यांच्यासोबत त्यांनी कित्येक वर्षं काम केलं आणि आपला संग्रह व ग्रंथालय संग्रहालयाला दिलं. जांभळा खडा त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मुलीनं १९४४ मध्ये दिला. त्याला ‘दिल्लीचा जांभळा नीलम’ म्हणतात, प्रत्यक्षात तो ॲमेथिस्ट, म्हणजे जांभळा क्वार्ट्झ आहे. सोबतच्या पत्रात, १८५७ मध्ये कानपूरच्या इंद्रमंदिरातून तो लुटून आणला आणि जवळ बाळगणाऱ्या प्रत्येकाला भोवला, असं लिहिलं आहे. याला कोणताही पुरावा नाही, आणि हेरन-ॲलन टोपणनावानं अद्भुतकथाही लिहीत, हे लक्षात घ्यावं. लोक तो खडा पाहायला गर्दी करतात. त्यांची खरी देणगी फोरामांच्या काचपट्ट्यांची आहे.

दगडातून एवढे बारीक जीवाश्म बाहेर कसे काढतात?

खडक कसला आहे त्यावर ठरतं. मऊ शेल (चिखलाचा बनलेला खडक) असेल तर बारीक तुकडे करून पाण्यात, गरजेप्रमाणे हायड्रोजन पेरॉक्साइड घालून, भिजत ठेवतात. मग ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर नळाखाली धुतात. चिखल निघून जातो, कवचं राहतात. ती मंद आचेच्या ओव्हनमध्ये वाळवून काळ्या ताटलीत पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वेचतात. एकच नियम पाळायचा: प्रत्येक नमुन्यानंतर चाळणी घासून स्वच्छ करायची. आधीच्या नमुन्यातला एक फोराम जरी चाळणीत राहिला तरी पुढच्या थराचं वय चुकू शकतं.

कोनोडॉन्ट काढायला चुनखडक सौम्य ॲसेटिक आम्लात विरघळवतात. रेडिओलॅरियांसाठी कठीण चर्टवर (सिलिकाच्या खडकावर) हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरावं लागतं. ते अत्यंत घातक असतं, प्रशिक्षण आणि योग्य सोय नसताना त्याच्या वाटेला जाऊ नये.

कपाटात ठेवलेले नमुने खराब होतात का?

होतात. लाकूड आणि हलक्या प्रतीचा पुठ्ठा यांतून आम्लाच्या वाफा निघतात. हवा दमट असली की त्या कवचावर चढतात, पांढरी बुरशी आल्यासारखे क्षार उगवतात आणि कवचाची भुकटी होते. आपल्या किनारपट्टीच्या हवेत तर हे फारच लवकर घडतं. उपाय साधे आहेत: आम्लरहित पुठ्ठा, धातूची कपाटं, आर्द्रतेवर लक्ष.

रासायनिक तपासणीसाठी नमुना मागितला तर देतात का?

कधी कधी. ऑक्सिजन मोजायचा तर कवच विरघळवावं लागतं, म्हणजे ते गेलंच. त्यामुळे अर्जात प्रश्न काय, किती कवचं हवीत, दुसरीकडून का मिळत नाहीत, हे पटवून द्यावं लागतं. नावांचा आधार असलेल्या नमुन्यांना सहसा हात लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

या विषयात काम करायचं असेल तर महाराष्ट्र-गोव्यात कुठे जावं?

गोव्यात दोना पावला इथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या फोरामांवर तिथे दीर्घकाळ काम झालं आहे. वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय मोहिमेनं अरबी समुद्राच्या लक्ष्मी खोऱ्यात तळ खोदून गाळाचे लांबच लांब गाभे (नळीतून काढलेले उभे नमुने) काढले, त्या कामात भारतीय शास्त्रज्ञ पुढे होते. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत पुराजीवशास्त्राचं काम चालतं. पदवी भूशास्त्राची असेल तर उत्तम. प्राणिशास्त्रातून आलेल्यांनाही दार बंद नाही.

घरच्या घरी फोराम पाहता येतील का?

येतील. ओहोटीला खाडीच्या मुखाशी किंवा किनाऱ्यावर लाटांनी सोडलेल्या बारीक, हलक्या गाळाच्या रेषेतला चमचाभर गाळ घ्या. जाड वाळू नको. घरी गोड्या पाण्यात तीन-चारदा हलक्या हातानं धुऊन गढूळ पाणी ओतून द्या, उरलेलं वाळवा आणि काळ्या कागदावर विरळ पसरा. दहापट मोठं दाखवणारं भिंग चालेल, शाळेतला सूक्ष्मदर्शक असेल तर वरून उजेड टाका. वाळूचे कण ओबडधोबड आणि काचेसारखे दिसतील. त्यांत शंखासारखी वेटोळी, पण कप्प्यांच्या स्पष्ट रेषा असलेली चकती दिसली तर ती फोराम असण्याची शक्यता बरीच. आपल्या खाड्यांत ॲमोनिया (वायू नव्हे, नाव तेवढं सारखं) वंशातले फोराम सहज मिळतात. पहिल्या चमच्यात काही मिळालं नाही तर जागा बदला. मिळालं की लगेच कागदावर गाव, किनाऱ्याचा भाग, तारीख आणि भरती-ओहोटीची वेळ लिहून ते नमुन्यासोबतच ठेवा.